विमलबाईंची श्रमनिद्रा

नवरात्राच्या सातव्या माळेला विमलबाईंनी मुक्कामाला आलेल्या एका यजमानापुढं नैवेद्याचं ताट ठेवलं आणि त्याला विचारलं, "झेरॉक्स आणलीय का?"

यजमान मुरुमचा किराणा दुकानदार, स्वभावानं गरीब. त्यानं खिसे चाचपले, आधारकार्ड काढलं आणि पुरणपोळीच्या शेजारी ठेवलं. विमलबाईंनी ते उचलून उजेडाकडं धरलं, "फोटो नीट दिसत नाही," म्हणाल्या आणि कटाची आमटी आणायला आत गेल्या. आत गेल्यावर मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. गॅसपाशी उभं राहून त्यांना हसावं का रडावं ते कळेना. तेवढ्यात पोळी करपली.

नेमकी त्याच वेळी सिद्धम्मा ओसरीवर बसलेली. बोळाच्या तोंडाशी तिचं कुंकवाचं, परड्यांचं, बांगड्यांचं दुकान. माहेर मुरुमच्या पलीकडचं, त्यामुळं जिभेवर निम्मं कानडी. कुंकू ती मापून विकते, बातम्या फुकट वाटते, आणि खरं सांगायचं तर दुकानातली गर्दी कुंकवासाठी नसतेच. संध्याकाळच्या आरतीआधी आधारकार्डाची गोष्ट देवळाच्या महाद्वारापर्यंत पोचली होती. तिथं पोचेपर्यंत तिच्यात रेशनकार्ड आणि दोन पासपोर्ट फोटोही घुसले होते.

पण यात विमलबाईंचा काय दोष? त्यांना नोकऱ्याच दोन. एक पगाराची, दुसरी लग्नाची. पगाराची म्हणजे हायस्कुलात लिपिक. खिडकीबाहेर दाखल्यासाठी पोरं, पोरांमागं आया, आयांमागं मामा, आणि सगळ्यांची एसटी सुटायला आलेली. लग्नाची म्हणजे बाबूराव पुजाऱ्यांचं घर. तुळजापुरात गावोगावचे भाविक आपापल्या पिढीजात पुजाऱ्याच्या घरी उतरतात. त्यांना यजमान म्हणायची रीत. नावाचे यजमान ते. पाट मांडायचे, पाणी तापवायचं, पुरण वाटायचं ते विमलबाईंनी. नवरात्रात तर उंबऱ्यावरच्या चपला बघून कुणालाही वाटावं, इथं लग्न आहे.

बाबूराव माणूस गोड. पोटाला तीन पिढ्यांच्या नैवेद्याचा आधार, कानाला कायम फोन. "या की, या! घर तुमचंच हाय. किती जण? पंचवीस? अहो, पंचवीस काय अन् पस्तीस काय!" एवढं बोलून ते फोन ठेवायचे आणि आत बघून नुसते हसायचे. त्या हसण्यावर विमलबाईंच्या संसाराची वीस-बावीस वर्षं गेली होती.

आणि घरात सासूबाई, धुरपताबाई. बाई कडक, सोवळं कडक, चहा त्याहून कडक. फक्त गुडघे तेवढे मऊ पडले होते.

आता पलंगाकडं वळायला पाहिजे, कारण सगळं रामायण पलंगावरच घडलं.

घर आता स्लॅबचं, खाली चकचकीत फरशी, पण माजघरातला पलंग जुना, शिसवी, चार माणसं आरामात मावतील असा. वर्षभर त्यावर बाबूराव घोरायचे. देवीच्या निद्रेच्या दिवसांत मात्र त्यावर कुणी पाठ टेकायची नाही, असा त्या घराचा दंडक. तुळजापूरची आई वर्षातून तीनदा झोपते. त्यातली दसऱ्यानंतरची ती श्रमनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेली देवी दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन करते आणि पलंगावर आडवी होते, ती कोजागिरीलाच उठते. "आई पलंगावर असताना आपण कोण पलंगावर चढणारे?" हा धुरपताबाईंच्या सासूचा शब्द, तिच्याही सासूचा. त्या दिवसांत सगळं घर सतरंजीवर, आणि पलंगावर यजमानांच्या पिशव्या.

त्या दसऱ्याला पहाटे विमलबाई सीमोल्लंघनाहून परत आल्या. डोक्यापासून पायापर्यंत कुंकू. केस सुटलेले. घरातले शेवटचे यजमान पहाटेच्याच गाडीनं गेलेले. माजघरात पलंग दिसला. त्यावर कुणाची तरी विसरलेली पिशवी, तेवढीच.

विमलबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या पलंगावर आडव्या झाल्या.

"अगं! अगं बाई! उठ आधी!" धुरपताबाई गुडघे विसरून धावल्या. "आई निजलीय अन् तू पलंगावर?"

"म्हणूनच, आत्याबाई," विमलबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "आई का निजलीय?"

"का म्हंजे? दमलीय ती. नऊ दिस लढली म्हैसासुराशी."

"मी नऊ दिवस पुरणाशी लढले. तिला आठ हात आहेत, मला दोनच."

देवीचाच दाखला दिल्यावर पुजाऱ्याच्या घरात बोलायचं काय? तेवढ्यात बाबूराव आले. त्यांनी बायकोला पलंगावर बघितलं, आईला दारात बघितलं, आणि परंपरेनं चालत आलेला शहाणपणा दाखवून परत बाहेर निघाले.

"थांबा," विमलबाई म्हणाल्या. "ऐकून जा. आजपासून कोजागिरीपर्यंत माझी श्रमनिद्रा. स्वयंपाक नाही, शाळा नाही, यजमान नाही. देवी उठली की मीही उठेन. तोवर मला कुणी हाक मारायची नाही."

"अन् जेवायचं?" बाबूरावांचा हात आपोआप पोटाकडं गेला.

"देवीच्या निद्रेत देवीनं तुम्हाला कधी वाढलंय का?"

शाळेचं त्यांनी फोनवरच मिटवलं. मुख्याध्यापक गुरुलिंग सर. भला माणूस, पण रजा म्हटलं की आधी कारण विचारणार. "बाई, कारण काय लिहू?"

"विश्रांती."

"विश्रांतीला रजा नसते हो. आजार लिहू का?"

"आजारी नाही मी, सर. आजारी असले की मी कामावर येते. गेल्या साली ताप घेऊन आले होते, आठवतंय ना?"

सरांना आठवत होतं. त्या तापात बाईंनी त्यांच्याकडंच दाखला मागितला होता.

पहिला दिवस विमलबाई नुसत्या झोपल्या. झोप म्हणजे काय असते ते त्यांना आठवायलाच दुपार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोक्याला खोबरेल तेल चोपडलं, पाय कोमट पाण्यात सोडून उन्हाला बसल्या आणि चहा गरम असताना प्यायल्या. कितीतरी वर्षांत त्यांच्या वाट्याला गरम चहा आला नव्हता. तो जिभेला एवढा भाजला की त्यांना हसूच आलं. मग पलंगावर बसून त्यांनी उशीखालून एक लहानशी कापडी पिशवी काढली. तिच्यात पाच गजगे.

गजगे म्हणजे सागरगोटे. काटेरी शेंगेतल्या राखाडी, टणक, गुळगुळीत बिया. पोरी एक वर उडवतात आणि ती खाली यायच्या आत बाकीच्या टिपतात. विमलबाईंचं माहेर तेर. तेरणेच्या काठावरच्या त्या गावात विमलच्या हाताला तोड नव्हती. मोठ्या पोरी तिच्याशी खेळायला भ्यायच्या. लग्नात आईनं दिलेली भांडी कधीच फुटली, चेपली. गजगे मात्र त्यांनी डब्यामागं जपून ठेवले होते. वर्षातून एखाद्या वेळी हात लावायचा आणि परत ठेवायचे. या वेळी मात्र ते उशीखाली आले होते. आता दुपारच्या शांततेत एक गजगा वर गेला, दुसरा हाताशी आला, आणि मनगटाला सगळं आठवलं. दाखले, पुरण, सर्व्हर बंद, चपलांचे ढीग, सगळं त्या एका गजग्यासंगं वर उडालं आणि परत खाली आलंच नाही.

हे असं चाललं असतं तर गोष्ट इथंच संपली असती आणि बाई सुखी झाली असती. पण बोळात सिद्धम्मा होती.

सिद्धम्मा पातेलं परत द्यायला आली ती दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी. विमलबाई खेळून पेंगल्या होत्या. सिद्धम्मानं माजघरात डोकावलं, आणि पातेलं तिच्या हातातून सुटता सुटता राहिलं. पुजाऱ्याचं घर. आईच्या निद्रेचे दिवस. आणि त्या घरात, जिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणी या दिवसांत पलंगाला हात लावला नाही, तिथं सून पलंगावर! केस मोकळे, तेलानं चकाकणारे, कपाळ लालभडक, चेहऱ्यावर हसू. आता साध्या बाईची ही हिंमत असते का? आणि समजा साध्या बाईची असली तरी धुरपताबाई तिला जिवंत ठेवेल का? सिद्धम्मानं हिशेब जुळवला. तेवढ्यात विमलबाई झोपेत बोलल्या. नोकरीची सवय, दुसरं काय. "रांगेत या. एकेक जण या. सगळ्यांचं होईल."

"अय्यय्यो!" सिद्धम्मानं उंबऱ्यावरच डोकं टेकलं. "आई आली विमलक्काच्या अंगात!"

पातेलं तिथंच राहिलं. बातमी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमलबाईंचे डोळे उघडले तर समोर सात बायका, सात नारळ, आणि खणांचा ढीग. पहिलीनं पायावर डोकं ठेवलं. "आई, पोरगी तीस वर्षांची झाली. स्थळ कधी यील?"

"अहो बाई, मला काय विचारता? मी विमल. थकले होते म्हणून पडलेय."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. "आई कधी कबूल करती व्हय," एक हळूच म्हणाली. "माझ्या आजीच्या अंगात यायची तवाबी ती 'मी न्हाय, मी न्हाय'च म्हणायची."

झालं. नाही म्हणावं तर देवपण वाढतंय आणि हो म्हणायची सोय नाही. दुपारपर्यंत रांग ओसरीवरून बोळात गेली. एकीच्या जावयाची बदली, एकीच्या सुनेशी पटत नाही, एकीची म्हैस आटली. विमलबाई पलंगावर बसून एकेकीचं ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं. हे तर तेच! तीच खिडकी, तीच रांग, तेच "माझं जरा आधी बघा की". फरक एवढाच, की शाळेच्या खिडकीला साडेपाचला फळी लावता यायची. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हशीच्या कानाला सरकारी बिल्ला लावलाय का?" आणि त्या बाईनं तो कौल मानून पदराला गाठ मारली.

गजगे उशीखाली. हात शिवशिवतोय, पण काढायचे कसे? देवी कुठं गजगे खेळते?

जरा गर्दी सरली तसं त्यांनी बाबूरावांना आत ओढलं. "हे काय चालवलंय? सांगा की सगळ्यांना!"

"सांगितलं असतं," बाबूराव गुळणी धरल्यासारखं बोलले, "पण मला एकीनं विचारलं, खरं का पुजारीबुवा? मी म्हणलं, आईच्या मनात काय असंल ते आपण कोण सांगणार."

"म्हणजे हो म्हणालात!"

"हो कुठं म्हणलो? पुजाऱ्यानं जे म्हणायचं ते म्हणलो. अगं, दोन-तीन दिवस काढ की. झोपूनच तर राहायचंय."

"झोपू देतायत कुठं!"

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे धुरपताबाई. बाहेरचं कुणी नाही असं बघून त्या पलंगाजवळ आल्या, इकडंतिकडं बघितलं, आणि हात जोडून हळूच म्हणाल्या, "गुडघ्याचं काय व्हईल?"

"आत्याबाई! तुम्हीसुद्धा?"

"न्हाय, तू विमलच हायस, म्या काय येडी हाय का? पण विचारून ठिवायला काय जातंय."

त्या रात्री विमलबाईंना झोप लागली नाही. कोजागिरी जवळ आली होती. तेव्हा चालत येणाऱ्या भाविकांची गर्दी, मग शाळेचे निकाल, मग दिवाळी. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या हिमतीनं मिळवलेले हे दिवस असे नारळाखाली चालले होते. आणि खरी धास्ती वेगळीच होती. ही गोष्ट अशीच मुरली तर पुढच्या साली लोक कॅलेंडर बघून येतील. मग जन्मभर श्रमनिद्रा विसरायची. देवी तिकडं झोपेल आणि विमलबाई इकडं ड्युटीवर!

चौथ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी क्रूझर जीप थांबली. कळंबकडचे यजमान, बब्रुवान पाटील. सोयाबीन निघालं, पोती घरात पडली, आणि त्यांच्या कारभारणीनं, दगडाबाईनं सांगितलं, "आईला भेटून येऊ, कंबर सरळ व्हईल." क्रूझरमध्ये दहा-बारा बायका, आणि बाप्या एकटे बब्रुवान, तेही डिकीतल्या गाठोड्यांवर बसून.

दगडाबाई म्हणजे अंगानं किरकोळ, पण आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरचा बैल वळावा. तिनं रांग बघितली, नारळ बघितले. सिद्धम्मा दारात उभी राहून सगळ्यांना हळू आवाजात माहिती देत होती. तिनं दगडाबाईलाही दिली.

"असं?" दगडाबाई म्हणाली. "बघू तरी."

ती रांगेत उभी राहिली नाही. सरळ आत आली, पलंगावर चढली आणि उशीला टेकून बसली.

"आई," दगडाबाईनं विमलबाईंकडं रोखून बघितलं, "मला एकच सांग."

विमलबाईंनी उसासा सोडला. "काय?"

"तुझ्या उशीखाली मला हे टोचतंय ते काय हाय?"

आणि विमलबाईंनी अडवायच्या आत तिनं हात घालून पिशवी बाहेर काढली. गजगे तिच्या ओच्यात घरंगळले.

"आईचे कौल असतील," सिद्धम्मा कुजबुजली.

"कसलं कौल? गजगं हायती की!" दगडाबाईच्या तोंडात दात कमी होते, त्यामुळं ती हसली की सगळं तोंड हसायचं. तिनं एक वर उडवला. सोयाबीन कापून कापून हात असा ताठलेला की खालचा उचलता येईना आणि वरचा झेलता येईना. परत उडवला. परत पडला.

विमलबाईंनी ओठ दाबून धरले. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा मात्र देवपण, लाज, नारळ, सगळं बाजूला राहिलं. "अहो, तसं नाही! मनगट सैल सोडा. वर बघा, खाली नाही. खालचं बोटांना कळतं. द्या इकडं!"

एक वर, एक हातात. एक वर, दोन हातात. मग तीन. मग चारही एका झपाट्यात, आणि वरचा अलगद तळहातात. सगळ्या बायकांच्या माना गजग्यासंगं वरखाली होत होत्या.

"लई झालं!" दगडाबाई सरसावून बसली. "माझा हात येऊ दे. डाव लाव!"

डाव लागला. दगडाबाईचा हात दोनच फेऱ्यांत मोकळा झाला आणि मग कळलं की ही बाई काही नवखी नाही. तिनं चार टिपले. विमलबाईंनी चार टिपले. शेवटी उलट्या हातावर पाच झेलायचे होते. विमलबाईंनी झेलले चार. पाचवा बोटाच्या टोकावर डळमळला आणि पडला.

"गेला डाव!" दगडाबाई ओरडली.

"कुठं गेला? तुम्ही पलंग हलवला!"

"म्या? म्या हलवला?"

"हलवला! मी बघितलं! परत माझाच डाव!"

"रडी! रडी खेळतीया!" दगडाबाई पदर खोचून सगळ्या माजघराला सांगायला लागली. "बघा गं बायांनो, ही तुमची देवी! चिडी लेकाची!"

विमलबाई भानावर आल्या. समोर बायकांची रांग, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. त्यांनी गजगे मुठीत घट्ट धरले. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून त्या बोलल्या, "मी देवी नाही. पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय. मला देवी आली नव्हती. मला झोप आली होती."

ज्या बाईनं म्हशीसाठी पदराला गाठ मारली होती, ती गाठ सोडावी का ठेवावी या विचारात पडली. सिद्धम्माचा चेहरा तर देवीपुढं पाजळून विझलेल्या पोतासारखा झाला. "पण पलंग..." ती चाचरत म्हणाली. "पलंगावर कशी..."

"अगं सिद्धे," दगडाबाई तिच्याकडं वळली. "तुझं दुकान देवीच्या दारात अन् तुला एवढं कळंना? आई सध्या काय करतीय?"

"निजलीय."

"कशापायी?"

"दमलीय म्हणून."

"मंग? सुट्टीवर हाय ती! अंगात यायाचं म्हंजेबी कामच की. बायांची गाऱ्हाणी ऐकायची, पोरींची स्थळं बघायची, म्हशीला दूध आणायचं. नऊ दिस लढून आडवी झालेली आई हे करायला तुझ्या बोळात यील व्हय? एवढी येडी हाय का ती?"

आधी एक बाई हसली, तोंडावर पदर घेऊन. मग दुसरी. मग धुरपताबाई, ज्यांना सुनेनं लग्नापासून पाच-सहा वेळाच हसताना बघितलं होतं, त्या गुडघे धरून खदखदा हसायला लागल्या. सगळ्यांत शेवटी हसली सिद्धम्मा, आणि मग तीच थांबेना. "अय्यो, मी नारळबी उधार घेऊन वाहिला की गं!"

"घेऊन जा परत," विमलबाई म्हणाल्या.

"वाहिलेला परत नेत न्हाईत," धुरपताबाईंनी नियम सांगितला. "बर्फी करा."

"कुणी करायची?" विमलबाईंनी विचारलं, आणि पलंगावरच्या, दारातल्या, ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी मिळून बाबूरावांकडं बघितलं.

त्या दुपारी बाबूराव आणि बब्रुवान पाटील मागच्या अंगणात समोरासमोर बसून नारळ खवत होते. बब्रुवान गाठोड्यावर बसून आल्यामुळं आधीच कळवळलेले. "पुजारीबुवा, पुरणपोळी न्हाय का आज?" त्यांनी आशेनं विचारलं.

"पुरण निद्रेत हाय," बाबूराव म्हणाले. "पिठलं करतो मी."

पिठलं त्यांनी केलं. त्यात गुठळ्या गजग्याएवढ्या झाल्या. दगडाबाईनं एक बोटानं वेगळी काढली, वर उडवली, झेलली, "ह्यानंबी खेळता यील," म्हणाली आणि दोनदा वाढून घेतलं.

माजघरात तोवर पलंगावर जागा उरली नव्हती. दगडाबाई भिंतीकडं पाय पसरून झोपली होती. पेरणीपासून तिनं दुपारी पाठ टेकली नव्हती. तिच्या बायका फरशीवर गोल करून डाव मांडून बसल्या होत्या. पायाला तेल लावायचं, वेण्या घालायच्या, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगायचं, म्हणजे सिद्धम्मानं सांगायचं आणि बाकीच्यांनी खोडायचं. धुरपताबाई आधी नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या येळी असं टिपत न्हवते." मग म्हणाल्या, "हात असा धरायचा." मग त्यांनी गजगे मागितले, आणि पहिल्याच झपाट्यात चारही उचलले. सून बघतच राहिली. एवढी वर्षं एका घरात राहून दोघींना एकमेकींचा हा हात माहीत नव्हता!

"आत्याबाई, गुडघा?"

"गजगं गुडघ्यानं खेळतेत व्हय? सरक."

कोजागिरीपर्यंत तो पलंग रिकामा राहिला नाही. पण रांग नव्हती, नारळ नव्हते, कुणी काही मागत नव्हतं. मागितलंच तर फक्त "माझा डाव".

कोजागिरीला देवी उठली. विमलबाईही उठल्या, शाळेत गेल्या आणि खिडकी उघडली. पहिलाच माणूस झेरॉक्स विसरून आलेला. तो घाबरून माफी मागायच्या आत बाई म्हणाल्या, "असू दे. कोपऱ्यावर दुकान आहे. सावकाश या, मी आहे इथं." त्या माणसाचा विश्वासच बसेना. गुरुलिंग सरांनी आतून ऐकलं आणि लगबगीनं बाहेर आले. "बाई, बऱ्या आहात ना? आजाराची रजा लिहू का?"

त्यानंतर सिद्धम्माच्या दुकानात कुंकवाच्या शेजारी एक परडी भरून गजगे दिसायला लागले. गिऱ्हाइकानं विचारलं की ती हळू आवाजात सांगायची, "या बोळातले खास आहेत. हे खेळलं की थकवा जातो." हे कुठून कळलं असं विचारलं तर मात्र ती एकदम कानडीत शिरायची.

पुढच्या दसऱ्याच्या पहाटे विमलबाई सीमोल्लंघनाहून आल्या. डोक्यापासून पायापर्यंत कुंकू, केस सुटलेले. उंबऱ्यावरच्या चपला गेल्या होत्या. कंबरेच्या पिशवीतले गजगे चाचपत त्या हसत माजघरात शिरल्या, आणि थबकल्या.

पलंगावर धुरपताबाई. आडव्या. उशी डोक्याखाली, पाय ताणून, डोळे मिटलेले.

"आत्याबाई! पलंगावर? आई निजलीय ना?"

"म्हणूनच," धुरपताबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "उशीर केलास. अन् बाबूला सांग, चहा गरम पायजे."

"सरका की जरा."

"आधी गजगं काढ."